टीव्ही बदलायचा, पण कशासाठी?

टीव्ही बिघडला म्हणून नवा आणणारी घरे आता थोडीच. बडोद्यात हे मी जवळून पाहिले. केबल डिजिटल करण्याची मुदत तिथे ३१ मार्च २०१३ होती. पुणे, म्हैसूर धरून ३८ शहरे त्या टप्प्यात होती. (आपल्याकडे ती पाळी नंतर आली.) नियमाला हवा होता फक्त सेट-टॉप बॉक्स. दुकानदार मात्र सांगे, "डबा आला म्हणजे टीव्हीही नवाच लागणार." शेजारच्या तीन घरांनी हप्त्यांवर एलसीडी घेतले. दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याबाईंनी लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर जोडून घेतली आणि जुन्याच पिक्चर ट्यूबवर चित्र स्वच्छ दिसू लागले.

आत्यांची खरी तक्रार वेगळीच. माहेर बेळगावचे, कानाला कन्नड हवे. आणि पॅकेजात गुजराती, हिंदी, मराठी सगळे, कन्नड एकही नाही! फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायच्या नियमाने हव्या त्या सुट्या वाहिन्या घेण्याची नवी पद्धत आली, तेव्हा कुठे सोय झाली. टीव्ही तोच. आता नातवंडे स्मार्ट टीव्हीसाठी मागे लागली आहेत. पडदा मोठा होईल, कबूल. पण ऑनलाइन बघायला त्यांच्या हातात मोबाइल आहेतच की. आत्यांनी या दिवाळीला मोतीबिंदूचे ऑपरेशन आधी ठरवले आहे.