म्हातारा गेला, पण कशानं?

गावात तरुण माणूस गेला की चार दिवस पारावर एकच चर्चा असते, नेमकं झालं काय होतं त्याला? पंचाहत्तरीचा बाबा गेला की हे कोणी विचारत नाही. ‘वय झालं होतं’ म्हणायचं आणि पुढच्या तयारीला लागायचं. चौकातल्या फ्लेक्सवरही ‘वृद्धापकाळाने’ किंवा ‘अल्पशा आजाराने’ एवढंच असतं. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत याहून फार वेगळं सापडत नाही.

मी ग्रामसेवक होतो. नोकरीचा बराच काळ दौंड तालुक्यात, यवतच्या आसपासच्या गावांत गेला. आपल्याकडे खेड्यात जन्म-मृत्यूचा निबंधक ग्रामसेवकच असतो, म्हणून ही वही माझ्या ताब्यात असायची. हल्ली एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. ‘कारण अज्ञात’ अशी नोंद होऊन गेलेले वयस्क पुरुष पूर्वी जास्त होते की आता? जुनी-नवी वर्षं शेजारी ठेवून ताडून पाहता येईल का? ताडता येतं. पण त्यातून म्हाताऱ्यांच्या मरणाविषयी थोडं कळतं आणि ते मरण लिहून घेणाऱ्यांविषयी पुष्कळ.

१९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू एकवीस दिवसांत नोंदवावा लागतो. म्हाताऱ्या पुरुषाची नोंद सहसा चुकत नाही, कारण सातबारा त्याच्या नावावर असतो. तेरावं उरकलं की मुलगा कार्यालयात येतो. त्याला वारस नोंदीसाठी, बँकेसाठी, कारखान्याच्या शेअरसाठी दाखला हवा असतो. त्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं. ते उघड करायचं नाही, असं कायदाच सांगतो. मग जे दाखल्यावर येणारच नाही, त्यासाठी डोकं कोण शिणवणार?

खरं तर नमुना क्रमांक २ मध्ये बरंच काही विचारलेलं आहे. मरणापूर्वी दवाखान्यात उपचार झाले की घरी, की झालेच नाहीत? कारण डॉक्टरने प्रमाणित केलंय का? माणूस धूम्रपान करत असेल तर किती वर्षं? तंबाखू, सुपारी, दारू किती वर्षं? हे सगळं सांख्यिकी भागात येतं आणि तोच भाग घाईत भरला जातो.

‘काय झालं होतं हो बाबांना?’

‘काही नाही भाऊसाहेब, वय झालं होतं.’

‘दम लागायचा का? पाय सुजायचे?’

‘ते तर दोन वर्षांपासून होतंच की.’

दोन वर्षं दम लागणं आणि पाय सुजणं हे हृदयाचं, फुप्फुसाचं नाहीतर मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं. प्रश्न नुसता वयाचा नव्हता. पण तेवढं विचारायला लिहिणाऱ्याला वेळ हवा आणि सांगणाऱ्याला धीर. नाहीतर ‘वृद्धापकाळ’ लिहून पान उलटतं.

कारणाशी पैसा जोडला गेला की चित्र पालटतं. २०२१ मध्ये कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं, तेव्हा कधी नव्हे ते घरोघर कारणाचे कागद शोधले गेले. शेतकरी अपघात योजनेचंही तसंच आहे. सर्पदंश झाला, वीज पडली, तर पंचनामा आणि शवविच्छेदन होतं, कारण दोन लाखांचा प्रश्न असतो. ही योजना पंचाहत्तर वर्षांपर्यंत आहे. त्यापुढच्या म्हाताऱ्याच्या बाबतीत कारण शोधण्याची ही निकडही संपते.

यवतच्या वहीत आणखी एक गुंता आहे. मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो तिथे होते, जिथे राहतो तिथे नाही. पूर्वी दुखणाईत म्हातारा घरच्या खाटेवरच जायचा. आता छातीत कळ आली की गाडी पुणे-सोलापूर रस्त्याला लागते आणि हडपसर किंवा ससून गाठते. तिथे तो गेला तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह नोंद पुण्यात होते. गावच्या वहीत मागे राहतात ते घरी, झोपेत, उपचारांविना गेलेले. म्हणजे दवाखाना जवळ आला, निदान सुधारलं, आणि तरी गावच्या वहीत ‘अज्ञात’चा वाटा वाढलेला दिसू शकतो. उलट हमरस्त्यावरच्या अपघातात गेलेला परगावचा प्रवासी यवतच्या हद्दीत नोंदला जातो. तुकोबांची पालखी आषाढवारीत यवतला मुक्कामाला असते. त्या रात्री एखादा वृद्ध वारकरी तिथेच गेला, तर त्याचीही नोंद इथलीच. तेव्हा वही उघडताना नुसतं ‘किती’ पाहून भागत नाही, ‘कुठले’ हेही पाहावं लागतं.

जुन्या काळाशी तुलना आणखी अवघड आहे. इंग्रजी अमदानीत पाटील-कुलकर्ण्यांकडून मृत्यूची माहिती वर जायची. रकाने मोजकेच होते: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि इतर. निम्म्याहून अधिक मृत्यू ‘तापा’त जमा व्हायचे. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथही बव्हंशी त्याच रकान्यात गेली. ‘कारण माहीत नाही’ असं त्या तक्त्यात फारसं दिसत नाही, पण म्हणून कारण माहीत होतं असं नव्हे. अज्ञान तेव्हा तापाच्या नावाने नोंदलं जात होतं. स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात, निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत मृत्यूच्या कारणांची पाहणी सुरू झाली आणि तिथे ‘वार्धक्य’ हे मोठं कारण बनलं. १९९९ पासून ते काम केंद्राच्या नमुना नोंदणी पद्धतीत (निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंची कायम नोंद) विलीन झालं.

या पद्धतीत शवचिकित्सा तोंडी होते. प्रशिक्षित कार्यकर्ता काही काळाने घरी जातो आणि ताप किती दिवस होता, दम कधी लागायचा, लघवी बंद झाली होती का, हे ठरलेल्या क्रमाने विचारतो. ते टिपण डॉक्टर वाचून कारण ठरवतात. यासाठी आपल्याला दिल्लीकडे पाहायला नको. यवतच्या वायव्येला, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं काम डॉ. बानू कोयाजी यांनी उभं केलं. तिथल्या संशोधन केंद्राने २००२ पासून शिरूर-हवेलीतल्या बावीस गावांमधले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर सातत्याने टिपले आहेत. माणूस त्याच गावचा आहे का आणि कशाने गेला, हे दोन्ही प्रश्न तिथे घरी जाऊन विचारले जातात. ग्रामपंचायतीची वही एवढं करू शकत नाही.

देशपातळीवर चित्र असं आहे. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण वैद्यकीय प्रमाणपत्रानिशी मिळालं. नमुना नोंदणीच्या २०२१ ते २०२३ च्या अहवालात सुमारे १०.५ टक्के मृत्यू ‘अस्पष्ट कारणां’त आहेत, आणि त्यातले बहुतेक सत्तरीपुढचे. त्याच अहवालात जवळपास ३१ टक्के मृत्यू हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे आहेत. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, असं आपण म्हणतो. म्हाताऱ्याचा रक्तदाब किंवा बिडी नोंदलीच गेली नाही, तर त्याच दुखण्याने पन्नाशीतला मुलगा गेल्यावरच आपण जागे होतो.

आता हिशेब पाहू. आकडे कल्पित आहेत, फक्त समजण्यासाठी. एका गावात २००० साली सत्तरीपुढचे २०० पुरुष होते. वर्षात १६ गेले, त्यातल्या ८ जणांचं कारण अज्ञात. २०२० मध्ये असे पुरुष ४०० झाले, २८ गेले, १२ अज्ञात. नुसती संख्या ८ वरून १२ झाली, म्हणजे वाढली. दर हजारी ४० वरून ३० झाला, म्हणजे घटला. एकूण मृत्यूंतला वाटा ५० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर आला. तिन्ही विधानं खरी आहेत, पण ज्याला जे सिद्ध करायचं असेल तेच तो उचलतो. त्यात दुसऱ्या वर्षी पंच्याऐंशीपुढचे जास्त असतील, तर वयाचे गट पाडून प्रत्येक गटाचा दर वेगळा काढल्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही.

शिवाय दर घटला म्हणजे ज्ञान वाढलं असंही नाही. कारणाच्या जागी ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ लिहिलं की ‘अज्ञात’ची ओळ रिकामी होते. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं! म्हणून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात साखळी मागितलेली असते: शेवटी काय झालं, ते कशामुळे, आणि सगळ्याचं मूळ कशात. मोजायचं असतं ते मूळ.

उलट दिशेचं उदाहरण जपानचं. तिथे वार्धक्याने मृत्यू अशा नोंदी युद्धानंतर कित्येक दशकं घटत गेल्या, या शतकात पुन्हा वाढल्या, आणि २०१८ मध्ये ते देशातलं तिसऱ्या क्रमांकाचं कारण ठरलं. जपानी वैद्यक मागे गेलं म्हणून हे झालं नाही. नव्वदी ओलांडलेली माणसं वाढली, आणि घरी किंवा वृद्धाश्रमात शांतपणे जाणाऱ्यांना उगाच रोगाचं लेबल लावायचं नाही, अशी वृत्तीही वाढली. २०२२ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी गेलेल्या राणी एलिझाबेथ यांच्या दाखल्यावरही ‘वृद्धत्व’ एवढंच कारण आहे. शहाण्णवाव्या वर्षी, डॉक्टरांच्या देखरेखीनंतर ते लिहिणं वेगळं. अडुसष्टाव्या वर्षी, कोणी तपासलेलं नसताना लिहिणं वेगळं.

१९६९ च्या कायद्यात झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार दवाखान्यात मृत्यू झाला तर, दवाखाना सरकारी असो की खासगी, कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला विनामूल्य द्यावं लागतं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. ती प्रत मागून घ्या. घरातला वडीलधारा घरी गेला असेल, तर नोंदीला जाताना त्याची औषधाची चिठ्ठी, रक्त-लघवीचे रिपोर्ट, कार्डिओग्राम, जे असेल ते पिशवीत टाका. बिडी-तंबाखूचा प्रश्न आला तर लाजू नका, खरं सांगा. ‘वय झालं होतं’ म्हणण्याआधी शेवटच्या सहा महिन्यांत काय काय दुखत होतं, ते सांगा. आणि समोरचा विचारत नसेल, तर तुम्हीच म्हणा, ‘भाऊसाहेब, कारण नीट लिहा.’