खारफुटीचें रान आणि भरतीचें पाणी

वाशीच्या पुलावरून आगगाडी जाऊं लागली म्हणजे खाडीच्या दोन्ही कांठांनीं एक ठेंगणें, काळपट हिरवें रान दिसतें. पुष्कळांस तें निव्वळ झुडूपच वाटतें. खाण्याजोगें फळ नाहीं, बसण्याजोगी सांवली नाहीं, आंत शिरावें तर गुडघाभर चिखल आणि वरून डांस. असल्या रानाची तरफदारी कोणीं कां करावी, असा प्रश्न शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित माणसाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. या रानास खारफुटी किंवा कांदळवन म्हणतात, आणि बेटें जोडून वसविलेल्या मुंबईचा संबंध त्याशीं वाटतो त्याहून फार जवळचा आहे.

तिवर, चिपी आणि कांदळ हीं यांतलीं मुख्य झाडें. साध्या झाडाला जें विष, तेंच यांचें अन्न. खाडीच्या चिखलांत हवा जवळजवळ नसते. म्हणून तिवराचीं मुळें जमिनींतून वर, पेन्सिली रोवाव्या तशीं, शेंकड्यांनीं उभीं राहतात आणि ओहोटीच्या वेळीं श्वास घेतात. पाणी खारें प्यावें लागतें, तेव्हां जास्तीचें मीठ तें झाड पानांवाटे बाहेर टाकतें. पान जिभेला लावून पाहावें, खारट लागतें. कांदळाचें बीज तर आईच्या अंगावरच रुजतें. लांबट शेंगेसारखा त्याचा कोंब झाडालाच लोंबत वाढतो व पुरेसा वाढल्यावर खालीं चिखलांत रुततो, किंवा भरतीबरोबर तरंगत दुसरीकडे संसार थाटावयास निघतो. ही सारी व्यवस्था एका हिशेबावर उभी आहे: दिवसांतून दोन वेळां पाणी यावें आणि दोन वेळां परत जावें. पाण्याचें येणें जितकें आवश्यक, तितकेंच त्याचें जाणेंही आवश्यक आहे.

कोळी लोकांस या रानाचा उपयोग कोणी शिकवावा लागला नाहीं. निवटी, खेकडे, कालवें, कोळंबी हीं त्यांची रोजची मिळकत; आणि पुष्कळ माशांचीं पिल्लें मुळांच्या आडोशानें वाढतात हें त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सरपणही तेथूनच येई. कोंकणांतल्या शेतकऱ्यानें तर खाडीशीं जणूं करारच केला होता. खारजमिनीस बांध घालावा आणि बांधांत उघाडी ठेवावी, म्हणजे ओहोटीला पावसाचें पाणी बाहेर जातें आणि भरतीला खारें पाणी आंत शिरत नाहीं. बांधाबाहेर खारफुटी राहूं द्यावी. लाटांचा मारा ती अंगावर घेते. या साध्या शहाणपणाची शहर वसविणारांस मात्र आठवण राहिली नाहीं.

खारफुटी कुऱ्हाडीनें मरते असा सर्वसाधारण समज आहे. कुऱ्हाडीनेंही मरते, परंतु तोडलेलें झाड निदान दिसतें तरी. अधिक रानें मरतात तीं पाणी अडल्यामुळें. खाडीच्या एखाद्या फांट्यावर रस्ता जातो आणि रस्त्याखालीं पुरेशी मोरी ठेवलेली नसते. किंवा रात्रीच्या वेळीं ट्रक येतात आणि इमारतींचा राडारोडा ओतून जातात. भरतीची वाट बुजते. झाडें वर्ष-दोन वर्षें उभ्यानें वाळतात, आणि मग जागा ओसाड असल्याचें सांगावयास कोणी ना कोणी पुढें येतोच. स्वयंपाकघराच्या जुन्या फरशा उखडून नव्या बसविल्या, तर जुन्या फरशांचे तुकडे अखेर कोठें जातात, ही चौकशी फार थोड्या घरांत होते.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्यांतच समुद्राला भरती आली. मिठी नदीचें पात्र भरावामुळें आधींच अरुंद झालें होतें. तिच्या कांठच्या खारफुटीचा मोठा भाग वांद्रें-कुर्ला बाजूच्या भरणींत गेला होता. एवढा पाऊस रानानें सगळा पोटांत घेतला असता असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण पाण्याला पसरावयास जी मोकळी जागा हवी होती तीच उरली नव्हती, हें खरें.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रूप या संस्थेच्या अर्जावरून त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें खारफुटीच्या तोडीस व तिच्यापासून ५० मीटरांच्या आंत बांधकामास मनाई केली. २०१८ सालीं अंतिम निकालानें ती कायम झाली. २०१२ सालीं वनखात्यांत स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. २०१५ सालीं ठाण्याच्या खाडीचा सुमारें १७ चौरस किलोमीटरांचा भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य ठरला, आणि २०२२ सालीं त्याला रामसर यादींत स्थान मिळालें. कायद्याची बाजू एवढी भक्कम झाली हें चांगलेंच. तथापि कायदा रानास मरूं देणार नाहीं इतकेंच करूं शकतो. मेलेलें रान उठविणें हें निराळें काम आहे.

तें काम रोपें लावण्याचें आहे असें समजून पुष्कळ उत्साह खर्ची पडतो. समारंभ होतो, रोपें चिखलांत रोविलीं जातात, आणि पुढच्या वर्षीं तेथें कांहीं नसतें. याचें कारण तामिळनाडूंतील पिचावरम येथें फार स्पष्टपणें समजून आलें. तेथें पूर्वी पट्ट्या-पट्ट्यांनीं सरसकट तोड झाली होती. उघडी जमीन उन्हानें वाळून खचली व तिला बशीसारखा खोलगटपणा आला. भरतीचें पाणी आंत येई, पण परत जाईना. तें आटे आणि मीठ मागें ठेवी. मिठाचें प्रमाण इतकें वाढलें कीं खारफुटीलाही तें सोसवेना. स्वामिनाथन संशोधन संस्थेनें तेथें एक मोठा चर आणि त्याला माशाच्या कांट्यासारखे तिरपे उपचर खणविले. पाणी येऊं-जाऊं लागलें, जमिनींतलें मीठ धुवून निघालें, आणि मग लावलेलीं रोपें जगलीं.

मुंबईच्या आसपासही गोष्ट हीच आहे. २०२४ सालीं नेरुळ येथें रोहित पक्ष्यांच्या एका आवडत्या तळ्यास भरतीचें पाणी मिळेनासें झालें. तळें कोरडें पडलें, त्या उन्हाळ्यांत आसपास कांहीं पक्षी मेलेले आढळले, आणि पाण्याची वाट पुन्हां मोकळी करण्याची मागणी जोरानें होऊं लागली.

येथें दुसरीही एक बाजू ध्यानांत घ्यावयास हवी. रोहित पक्षी खारफुटींत चरत नाहींत. ते उघड्या चिखलांत व उथळ पाण्यांत चोंच उलटी बुडवून शेवाळ गाळून खातात. ठाण्याच्या खाडींत गाळ सांचून कांहीं ठिकाणीं खारफुटी आपण होऊन पुढें सरकत आहे, आणि तितका उघडा चिखल कमी होत आहे. तेव्हां जेथें मोकळें दिसेल तेथें झाडें लावावीं, हा नियम खाडीस लागू पडत नाहीं.

आणि झाडें लावण्याचीं वचनें तर मोठमोठीं दिलीं जातात. २०२२ च्या डिसेंबरांत मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठीं सुमारें २०,००० खारफुटी तोडण्यास उच्च न्यायालयानें परवानगी दिली. आरंभीं हा आंकडा ५० हजारांवर होता, तो आराखड्यांत फेरफार करून उतरविला गेला. तोडीच्या पांचपट रोपें लावण्याचें रेल्वेच्या बाजूनें सांगण्यांत आलें. आंकडा उतरला हें स्तुत्यच. पण पांचपट रोपांस जागा कोणती, हा प्रश्न नकाशावर सुटत नाहीं. उधाणाचें पाणी कोठवर चढतें, भांगाच्या दिवसांत तें कोठें पोंचत नाहीं, आणि ओहोटी लागली म्हणजे कोणत्या खांचेंतून निघून जातें, हें जागेवर निदान एक महिना पाहावें लागतें. बहुतेक रोपें जगतात तीं या दोन रेषांच्या मधल्या अरुंद पट्ट्यांत.