स्विच नावाचा पाटकरी

द्वितीय वर्ष, कला

“कला शाखेच्या मुलाला तारांची उठाठेव कशाला?” असे मित्र मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ‘कमवा व शिका’ योजनेत माझ्या वाट्याला संगणक कक्षाचे काम आले, आणि गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी या तारांनीच आम्हा सर्वांच्या तोंडचे पाणी पळवले.

त्या दिवशी सकाळपासून कक्षातले वीसही संगणक अडून बसले. कोणी शासनाच्या संकेतस्थळाला बोल लावला, तर कोणी इंटरनेट पुरवणाऱ्याला. माझाही अर्ज अर्धवट होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अर्ज हुकला असता तर फी भरण्याची सोय नव्हती. दोष मात्र निघाला आमच्याच भिंतीवरच्या पेटीपाशी. ती पेटी म्हणजे नेटवर्क स्विच.

माझे वडील रात्री दुसऱ्यांच्या शेतात दारे धरतात, म्हणून मला पाटाचीच उपमा सुचते. प्रत्येक संगणकाला मॅक नावाचा एक पत्ता असतो. कोणत्या दाराला, म्हणजे पोर्टला, कोणता पत्ता आहे याची यादी स्विच स्वतःच तयार करतो आणि ज्याचा निरोप त्याच्याच दाराने सोडतो. पूर्वीचा ‘हब’ सगळे वाफे एकदम भिजवायचा. स्विचला पत्ता ठाऊक नसला किंवा निरोपच सर्वांसाठी असला, तर मात्र तोही बाकीची सगळी दारे उघडतो. हे लक्षात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल. ‘मॅनेज्ड’ स्विचच्या आत शिरून प्रत्येक दाराचा हिशेब पाहता येतो आणि हुकूमही देता येतात.

दोष शोधताना आधी विचारावे की दुखणे एकाचे आहे की सगळ्यांचे? एकाचे असेल तर प्रथम तार पाहावी. तांब्याची तार एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच चालते. तिच्यात चार जोड्या असतात. १००० मेगाबिट वेगाला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणून एखादी जोडी तुटली तरी पुष्कळदा दिवा लागलेलाच दिसतो, फक्त वेग दहावा हिस्सा उरतो. आमच्या सात नंबरच्या संगणकाची तार उंदराने अशीच कुरतडली होती. हिशेबात सीआरसी चुका दिसल्या, तर माहिती वाटेत बिघडते आहे असे समजावे. मात्र आकडा जुना असू शकतो. तो शून्यावर आणून पुन्हा वाढतो का ते पाहावे.

दुसरे दुखणे फसवे असते. एका टोकाला ‘फुल डुप्लेक्स’ हाताने पक्के केले आणि दुसरे टोक आपोआप ठरवणारे ठेवले, तर दुसरे टोक ‘हाफ’ धरते. एक बोलता बोलता ऐकतो, दुसरा थांबून थांबून बोलतो. पिंग लागते, पण मोठी फाइल रखडते. दोन्ही टोके आपोआपवर ठेवावीत, हा सोपा उपाय.

तिसरे, संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर पत्ता वाटणारा त्याला भेटलेलाच नाही. पुष्कळदा तार भलत्याच व्हीलॅनच्या दारात लावलेली असते.

आता त्या दिवसाचे दुखणे. स्विचचे सगळे दिवे एकाच तालात लुकलुकत होते. एका तारेची दोन्ही टोके भिंतीवरच्या दोन खाचांत, म्हणजे एकाच स्विचच्या दोन दारांत गेली होती. सर्वांसाठीचा निरोप एका दाराने बाहेर पडे आणि दुसऱ्याने परत आत येई. या निरोपांना आयुष्याची मर्यादा नसते. ते फिरतच राहतात आणि खऱ्या कामाला वाट उरत नाही. यावर राडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये ‘स्पॅनिंग ट्री’ ही युक्ती काढली. स्विच असे वळसे ओळखून एक दार बंद ठेवतो. आमच्या स्विचवर ती बंद होती.

आणि ते टोक खोचले कोणी? मीच! आदल्या संध्याकाळी आवराआवर करताना लोंबणारी तार बरी दिसेना, म्हणून रिकाम्या खाचेत बसवली. दुपारी चारनंतर ती सापडली. टोक काढताच मिनिटभरात सगळे संगणक चालू लागले आणि साडेपाचला माझा अर्ज गेला. दोघी मुली मात्र चारच्या एस.टी.ने गावी परतल्या होत्या. त्यांतल्या एकीचा अर्ज राहिला तो राहिलाच.

मी सरांना त्याच दिवशी सारे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी स्पॅनिंग ट्री सुरू केली आणि माझ्या हाती एक वही दिली. कोणती खाच स्विचच्या कोणत्या दाराला जाते, ते आता तिच्यात लिहिलेले आहे. तारेला हात लावण्याआधी मी ती उघडतो. वडील म्हणतात, पाण्याला दोष देण्याआधी आपण कोणते दार उघडे टाकले ते बघावे. त्यांनी स्विच कधी पाहिलेला नाही.