सिनेमातला कुत्रा आणि खरा माग

चोर ओढ्यात उतरतो, थोडे अंतर पाण्यातून चालतो आणि पलीकडे पसार होतो. पोलिसांचा कुत्रा काठावर भुंकत राहतो. पाठलाग संपला! पडद्यावर अनेकदा दिसणारे हे दृश्य कितपत खरे आहे?

आधी माग म्हणजे काय ते पाहू. आपल्या त्वचेवरून मृत पेशींचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. घाम आणि त्वचेवरील जिवाणू यांमुळे त्यांना प्रत्येकाचा वेगळा वास असतो. पायाखाली चिरडलेले गवत आणि उकरली गेलेली माती यांचाही वास त्यात मिसळतो. हा वास बराचसा जमिनीलगत राहतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सलग पाच पावलांच्या ठशांवरून माणूस कोणत्या दिशेने गेला हे काही कुत्र्यांनी ओळखले.

वाहत्या पाण्यात माग तुटतो, हे खरे. पण चोर कुठेतरी बाहेर येतोच. कुत्र्याला हाताळणारा पोलीस त्याला दोन्ही काठांनी फिरवतो. ओलसर मातीत वास चांगला टिकतो. म्हणजे ओढ्यामुळे उशीर होईल, सुटका होईलच असे नाही. मिरचीपूड टाकली तरी तेवढी जागा वळसा घालून पुढचा माग शोधता येतो.

चित्रपटात उलटी चूकही असते. तिथे कुत्रा भर दुपारी, गर्दीतूनही अचूक धावतो. समजा, माढ्यात एप्रिल महिन्यात घरफोडी झाली. जमीन तापलेली, हवा कोरडी. वासाची द्रव्ये लवकर उडून जातात. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगताही येत नाही. त्यातच बघ्यांच्या पायांनी माग पुसला जातो. चोर रस्त्यावर येऊन मोटारसायकलवर बसला असेल, तर जमिनीवरचा माग तिथेच संपतो. 'श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले' ही वर्तमानपत्रातली ओळ त्यामुळेच चित्रपटापेक्षा खरी असते.

सर्वांत मोठी चूक मात्र शेवटी होते. कुत्रा एकाच्या पायाशी थांबतो आणि तोच गुन्हेगार ठरतो. पण कुत्रा वास जुळवतो, गुन्हा पाहत नाही. तो माणूस सकाळी मदतीला धावून आलेला शेजारीही असू शकेल. महाराष्ट्रातून आलेल्या एका खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्याला सामान्यतः फारसे वजन देऊ नये असे मत दिले. कुत्र्याला शपथ देता येत नाही, त्याची उलटतपासणी घेता येत नाही, हे आक्षेप न्यायालयाने विचारात घेतले होते. गावात मात्र बोट लगेच रोखले जाते, आणि एखाद्या निरपराध माणसाची अब्रू जाते. कुत्रा तपासाला दिशा देतो, निकाल देत नाही.

वर्गात करून पाहा : कापसाच्या दोन सारख्या बोळ्यांवर अत्तराचा एकेक थेंब टाका. एक बोळा उन्हात तापलेल्या फरशीवर ठेवा, दुसरा सावलीत ओल्या मातीवर. दर अर्ध्या तासाने वास घेऊन नोंद करा. माग काढायला पहाटेची वेळ का बरी, याचे उत्तर मुलेच देतील.