हिवाळ्यातला सफर आणि गाडीचे टायर

हिवाळा आला की आपल्याकडे निकाह-वलीम्यांची धावपळ सुरू होते. फजरनंतर घरची गाडी निघते. आधी गावचा खडीचा रस्ता, मग जालन्याजवळ समृद्धी महामार्गाचे काँक्रीट. तिथे वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत जातो. इतक्या वेगात झिजलेला टायर घात करू शकतो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून बर्फाचे महाग टायर नकोत. साधेच, पण चांगले टायर हवेत. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायलाच हवा.

नवा घेताना माप पाहाच, शिवाय बाजूवरचे चार अंकही वाचा. ३२२४ म्हणजे २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावावेत. मागची चाके घसरली की गाडी सावरणे कठीण जाते.

हवा टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढीच भरावी. पारा दहा अंश उतरला की हवेचा दाब सुमारे दोन पीएसआयने घटतो. स्टेपनीही तपासावी.

सफरची दुआ आपण आठवणीने पढतो. पण आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, हीही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. गाडीत बसलेली मुले आणि वडीलधारी आपल्याकडे अमानत आहेत. त्यांच्यासाठी निघण्यापूर्वीची पाच मिनिटे आपण काढायलाच हवीत.