कारखान्याला अचानक टाळं लागलं तर?

१७ एप्रिल २०१९ला अंधेरीत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची विमानं थांबली. हजारो घरांचा पगारही थांबला. पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी कर्मचाऱ्यांना सुप्रीम कोर्टापर्यंत लढावं लागलं. जानेवारी २०२३मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूचा निकाल कायम ठेवला.

आमच्या शाळेतल्या पालकांपैकी कितीतरी जण छोट्या कारखान्यांत, गाळ्यांत काम करतात. मालक म्हणतो, "धंदा बसला, उद्यापासून येऊ नका," आणि माणूस गुपचूप घरी येतो. म्हणून आपण एवढं लक्षात ठेवू या.

एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार मिळायला हवा. शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. महिना १८,००० आणि नोकरी ८ वर्षं असेल, तर ही भरपाई साधारण ७२,००० रुपये होते. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी.

"घाटा झाला" हे भरपाई कमी करायचं कारण होत नाही. कायदाच तसं सांगतो. ५० किंवा जास्त कामगार असतील तर मालकाने सरकारला ६० दिवस आधी कळवायचं असतं.

पगाराची स्लिप, ओळखपत्र, बँकेचं पासबुक जपून ठेवा. कोऱ्या कागदावर किंवा "सगळा हिशोब मिळाला" अशा कागदावर पैसे हातात येण्याआधी सही करू नका. आणि उशीर न करता वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात लेखी अर्ज द्या. चार-पाच जण मिळून गेलात तर आणखी चांगलं.