उपाशी माणसाला आधी जेवण : विहाराचा खाद्यमहोत्सव कशासाठी आणि कसा?

आळवी नगराची कथा आपण वर्षावासातल्या प्रवचनात ऐकलेली असते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. तो दिवसभर शोधत हिंडला आणि उपाशीपोटीच बुद्धांच्या सभेत पोहोचला. बुद्धांनी त्याला आधी जेवू घालायला लावले, मगच देशना दिली. धम्मपदाच्या अट्ठकथेतली ही कथा आपल्याला एक क्रम शिकवते : आधी अन्न, मग उपदेश.

अन्नदान आपल्याला नवीन नाही. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांसाठी गावोगावचे कार्यकर्ते चुली पेटवतात. पण भूक एका दिवसाची नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. बाळाच्या पहिल्या वर्षांत महिनोन्‌महिने पुरेसे न मिळण्याचा हा परिणाम आहे. म्हणून एका दिवसाच्या पंगतीबरोबर वर्षभर चालणारा निधीही हवा. स्वयंसेवकांनी चालवलेला खाद्यमहोत्सव हा त्याचा एक मार्ग आहे. भिक्खू बोधी यांनी २००८ साली अमेरिकेत सुरू केलेली ‘बुद्धिस्ट ग्लोबल रिलीफ’ ही संस्था पदयात्रा काढून भूकनिवारणासाठी पैसा उभा करते. आपल्याकडे चालण्याऐवजी चूल का नको?

महोत्सवाचे गणित सोपे आहे. समजा, झुणका-भाकर आणि अंबाडीच्या भाजीचे ताट ८० रुपयांना ठेवले आणि साहित्याचा खर्च ४५ रुपये आला, तर ताटामागे ३५ रुपये उरतात. २०० ताटांचे ७,००० झाले. पीठ, डाळ, तेल वस्तीतूनच दान मिळाले, तर शिल्लक आणखी वाढते. पैसे एकाच टेबलावर घ्यावेत आणि स्टॉलवर फक्त कूपन चालावे. त्यामुळे रोख रक्कम दहा हातांतून फिरत नाही. स्टॉलसाठी कोणती नोंदणी लागते, हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. पाणी गाळून-उकळून ठेवावे. अन्न बाधले तर निधीही जातो आणि विश्वासही.

ज्येष्ठ उपासक विचारतात, ‘विहारात अन्न विकायचे का?’ प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे : विक्री मैदानात करू, विहारात नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही कूपन मिळेल, आणि ते त्याच रंगाचे असेल. फुकटचे कूपन वेगळे दिसले की दान संपले आणि उपकार सुरू झाला. लाभार्थ्यांचे फोटो काढायचे नाहीत, ही अटही त्यातलीच.

दुसरा प्रश्न बाहेरून येतो, आणि तो बहुधा उघडपणे विचारला जात नाही : ‘स्वयंपाक कोणी केला?’ २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अफवा पसरवून जमावाने मंडपात शिरून लोकांना मारले आणि त्यांचे शिजवलेले अन्न मातीत मिसळले. अन्नाचा प्रश्न आपल्यासाठी केवळ पोटाचा कधीच नव्हता. आपल्या घरातल्या रांधण्याला पाककृतींच्या पुस्तकांनी जागा दिली नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने ती नोंद केली. म्हणून महोत्सवात पावभाजीच्या शेजारी आपल्या आज्जींच्या हातचे पदार्थ त्यांच्या खऱ्या नावानिशी मांडावेत. शहरातला माणूस रांगेत उभा राहून ते ताट विकत घेतो, तेव्हा पैशाबरोबर आणखीही काही जमा होते. आणि जो नाव विचारून परत फिरतो, त्याच्यामुळे काम किती बाकी आहे तेही कळते.

‘स्वयंसेवक’ या शब्दामागे एक लबाडी लपू शकते. बायांनी पहाटेपासून भाकरी थापायच्या आणि तरुणांनी टी-शर्ट घालून माइक धरायचा, ही समता नव्हे. भांडी कोण घासणार, याची यादी आधी लावा. त्यात पदाधिकाऱ्यांची नावे वर असू द्या.

आता पैसा कुठे जाईल? कोरड्या शिध्याचे किट लगेच उपयोगी पडते, पण दहा-पंधरा दिवसांत संपते. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे. तरीही कुणाचे नाव कार्डावर चढलेले नसते, तर कुणा म्हाताऱ्या आईचा अंगठा मशीनवर उमटत नाही. म्हणून निधीचे दोन भाग करावेत. एक भाग गरोदर बाया, एकटे वृद्ध आणि काम सुटलेल्या कुटुंबांच्या शिध्यासाठी. दुसरा झेरॉक्स, दाखले, अर्ज आणि तहसीलच्या खेपांसाठी. एका कुटुंबाचे कार्ड झाले, तर त्याला दर महिन्याला धान्य मिळते. आपले किट तेवढे पुरू शकत नाही. दानाने आजची भूक भागते, हक्काने उद्याची. कार्यकर्त्याला दोन्ही करावे लागते.

शेवटची गोष्ट हिशेबाची. जमा, खर्च, शिल्लक आणि किती घरांना काय दिले, हे आठवड्याच्या आत विहाराच्या फळ्यावर लिहावे. घरांची नावे लिहू नयेत, आकडे मात्र सगळे लिहावेत. ज्या आज्जीने पाच किलो ज्वारी दिली, तिला तो फळा कुणीतरी वाचून दाखवावा. पुढच्या वर्षी ती पुन्हा ज्वारी देईल की नाही, ते त्या फळ्यावर ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!